मालदीव लाइव्हअबोर्ड: सात रात्री, सतरा डाइव्ह आणि भावाची यादी

दिवस १

आमच्या धाकट्याने म्हणजे भावाने फोनमध्ये यादी करून ठेवली होती. व्हेल शार्क, मांटा (महाकाय पाकट), हॅमरहेड, ग्रे रीफ शार्क, नर्स शार्क, ईगल रे, अशी पाच-सहा नावं आणि पुढे रिकामे चौकोन. प्रत्येक प्राणी दिसला की टिक करायची. मी म्हटलं अरे हे काय वाणसामान आहे का, तर म्हणे ताई एवढे पैसे घालतोय तर हिशोब नको?

पैशाचं त्याचं खरं होतं, स्वस्त नाहीच हे प्रकरण. पण मालदीवला रिसॉर्टवर राहून डायव्हिंग करायचं तर रोज त्याच त्याच आसपासच्या चार जागा मिळतात, आणि चांगल्या जागा सगळ्या एकमेकींपासून लांब, वेगवेगळ्या अटॉलमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याने वेढलेल्या बेटांच्या पुंजक्यांमध्ये. म्हणून बोटीवरच राहायचं, बोटीवरच जेवायचं, झोपायचं आणि बोट जाईल तिथे उडी मारायची. यालाच लाइव्हअबोर्ड म्हणतात, तिकडे सरळ सफारी बोट म्हणतात. दिवसाला तीन डाइव्ह, कधी चार. मधल्या वेळात खाणं आणि झोप. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली म्हणजे तुम्ही पैसे देऊन खलाशी होणार.

आमचं दोघांचं डायव्हिंग तसं उशिराचं. मी चाळिशीत शिकले, तारकर्लीला, एमटीडीसीच्या तिथल्या सेंटरमध्ये. मग कर्नाटकातलं नेत्राणी, मग अंदमान. मालवणच्या पाण्यात पाच-सहा मीटरपुढचं दिसलं तरी आम्ही खूष असायचो. या ट्रिपआधी माझ्या ५४ डाइव्ह झालेल्या, भावाच्या ७०च्या आसपास, आणि तो हे दिवसातून एकदा तरी ऐकवतो.

मुंबईहून मालेला थेट विमान आहे, तीनेक तास. व्हिसा तिथे उतरल्यावर फुकट मिळतो, फक्त निघायच्या आधी चार दिवसांच्या आत त्यांचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. दारू नेता येत नाही, कस्टम्समध्ये काढून घेतात, बोटीवर मात्र विकत मिळते. आईने बॅगेत घालायला दिलेला छोटा पितळी गणपती पण घरीच ठेवला, तिथे पूजेच्या मूर्ती आणायला बंदी आहे. घड्याळ अर्धा तास मागे करायचं, बस. विमानतळ म्हणजे एक अख्खं बेट आहे, दारातून बाहेर पडलं की समोर रिक्षा स्टँड नाही, बोटींचा धक्का. तिथून आम्हाला डोणीने, म्हणजे तिथल्या होडीने, मोठ्या बोटीवर नेलं.

डोणी हा शब्द ऐकून मी जरा कान टवकारले. धिवेही ही मालदीवची भाषा सिंहलीची सख्खी, म्हणजे आपल्याही नात्यातली. त्यांचे आकडे ऐका: एके, दे, तिने, हतरे, फहे. मासे म्हणजे मस. आपल्या लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावरही हीच भाषा बोलतात. आमचा गाईड फुवाहमुलाचा, म्हणजे पार दक्षिणेचा, दहापर्यंत मोजून दाखवलं तेव्हा मी प्रत्येक आकड्याला मराठी जोडी लावत गेले आणि तो भयंकर खूष झाला, पुढचे सात दिवस मला हाक मारताना आकड्यांनीच मारायचा.

बोटीवर आम्ही अठरा जण. दोन जर्मन जोडपी, चार चिनी मुली ज्यांचे कॅमेरे माझ्या स्कूटरपेक्षा महाग असतील, एक इटालियन आजी, वय ६८, डाइव्ह हजाराच्या वर, आणि बाकी मिक्स. संध्याकाळी सेफ्टीचं ब्रीफिंग. फोन आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या केबिनमध्ये चार्ज करायच्या नाहीत, वर बैठकीच्या खोलीत ठरलेल्या टेबलावरच, आणि रात्री झोपायच्या आधी काढून ठेवायच्या. काही जणांनी तोंड वाकडं केलं. मी नाही केलं. २०१९च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियाजवळ कन्सेप्शन नावाच्या डाइव्ह बोटीला रात्री आग लागली आणि खाली झोपलेले ३४ जण गेले, ते वाचल्यापासून मी कुठल्याही बोटीवर पहिलं काम काय करते तर खालून वर यायचे दोन रस्ते पायांनी चालून बघते. इथे दुसरा रस्ता म्हणजे पुढच्या केबिनमधली छताची झडप होती. त्या केबिनमध्ये आजी राहत होती. तिला जाऊन सांगितलं की आग लागली तर मी तुझ्या बेडवरून जाणार, ती म्हणाली ये, फक्त चष्म्यावर पाय देऊ नको.

दिवस २

सहाला बेल. साडेसहाला पहिली डाइव्ह. तिला चेक डाइव्ह म्हणतात, म्हणजे कोणाला किती येतं ते गाईडला कळतं आणि खाली बुडायला अंगाला वजन किती लावायचं ते आपल्याला कळतं. मला पाच किलो लागलं, भावाला तीन. कारण विचारू नका.

सिलिंडर, कॉम्प्रेसर, सगळं सामान वेगळ्या डाइव्ह डोणीवर असतं, ती मोठ्या बोटीच्या मागे मागे येते. ही फार सोयीची पद्धत आहे, मोठी बोट स्वच्छ राहते, कॉम्प्रेसरचा आवाज नाही, ओल्या सूटचा वास नाही. बहुतेक जण नायट्रॉक्स घेतात, म्हणजे साध्या हवेतल्या २१ टक्क्यांऐवजी ३२ टक्के ऑक्सिजन. नायट्रोजन कमी जातो अंगात, रोज तीन-तीन डाइव्ह करायच्या तर बरं पडतं. प्रत्येकाने आपापला सिलिंडर मीटरवर स्वतः तपासायचा आणि वहीत आकडा लिहून सही करायची. माझा ३१.६. मालदीवमध्ये तसंही ३० मीटरच्या खाली जायला कायद्यानेच मनाई आहे.

पहिल्याच डाइव्हला पंधरा मिनिटांत व्हाइटटिप रीफ शार्क, वाळूवर आडवा पडलेला, आपल्याकडे दुपारी पारावर लोक पडतात तसा. भाऊ बोट दाखवून दाखवून बेजार. वर आल्यावर कळलं की याची टिक यादीत नाही कारण "हा कॉमन आहे". घ्या. अरे आपण रत्नागिरीची माणसं, मुशी बाजारात टोपलीत बघितलेली, जिवंत पोहताना किती वेळा बघितलीस?

पाणी २८-२९ डिग्री आणि समोर पंचवीस मीटर सरळ दिसतं. निळ्या धारीचे सर्जनफिश शेकड्यांनी. एक कासव, पोपटासारख्या चोचीचं, हॉक्सबिल, खडकात तोंड घालून स्पंज ओरबाडून खात होतं आणि भोवती चार एंजलफिश सांडलेलं उचलायला. मात्र वरचा पाच-सात मीटरचा रीफ, म्हणजे प्रवाळाचा खडक, बघून वाईट वाटलं. बऱ्याच ठिकाणी नुसती मेलेली पांढुरकी कांड्यांची रास, वीटभट्टीमागे असते तशी. १९९८ला पाणी तापून इथलं कोरल मोठ्या प्रमाणावर मेलं, सावरत होतं तर २०१६ला परत, आणि २०२४ला जगभर झालं त्यात अजून. इटालियन आजी ९६ साली इथे पहिल्यांदा आलेली. ती काही बोलली नाही, फक्त म्हणाली मासे अजून आहेत, ते बघा.

जेवायला मस हुनी. टूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, सगळं हाताने कालवलेलं आणि बरोबर रोशी म्हणजे पातळ पोळी. मी पहिला घास घेतला आणि भावाकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. किसमूर! सुकटाच्या जागी कुपा घातला की झालं. स्वयंपाकी श्रीलंकेचा होता, त्याला जाऊन सांगितलं, त्याला काही कळलं नाही पण दुसऱ्या दिवसापासून आमच्या ताटात जास्त मिरची यायला लागली.

दिवस ३

हा दिवस जरा सविस्तर लिहिते कारण यात मी माती खाल्ली.

वावू अटॉल. इथे नाव घेण्यासारख्या जागा म्हणजे कंडू. कंडू म्हणजे अटॉलच्या कड्यातली खिंड, जिथून समुद्राचं पाणी आत-बाहेर करतं. फेब्रुवारीत ईशान्येचा मोसम, प्रवाह पूर्वेकडून आत येतो, बाहेरचं स्वच्छ पाणी खिंडीत घुसतं आणि खिंडीच्या तोंडाशी ग्रे रीफ शार्क त्या प्रवाहावर तरंगत उभे राहतात, घारी वाऱ्यावर राहतात तसे, पंख न हलवता. आपण काय करायचं तर बाहेर निळ्यात उडी मारायची, अंगातल्या फुगवायच्या डाइव्ह जॅकेटमधली हवा आधीच काढून, म्हणजे वर न थांबता सरळ खाली, कारण वर थांबलात तर प्रवाह तुम्हाला खिंडीवरून पार नेतो. पंचवीस-अठ्ठावीस मीटरवर खिंडीची कड गाठायची, मेलेल्या खडकात रीफ हूक अडकवायचा, दोरी जॅकेटला, आणि पतंगासारखं उडत राहायचं. हूक म्हणजे गळच, मासा आपण.

उतरले, हूक लागला, आणि समोर पंचवीस-तीस तरी ग्रे रीफ शार्क. दीड-दोन मीटरचे, करडे, शेपटीला काळी कड. इतके शांत की थोड्या वेळाने भीती जाते आणि तुम्ही एकेकाला ओळखायला लागता, एकाच्या तोंडाला जुना गळ लटकत होता, गंजलेला. मालदीवने २०१०मध्ये शार्कची मासेमारी पूर्ण बंद केली, त्यामुळे हे दृश्य आहे. मी बघत राहिले, आणि दम लागल्यासारखी हवा ओढत राहिले, कारण प्रवाहात हूकवर नुसतं राहणं पण अंगमेहनत असते हे माझ्या लक्षात आलं नाही. गाईडने सुटायची खूण केली, सगळे सुटले, माझा हूक निघेना. दोरी ताणलेली असताना तो निघत नाही, आधी पुढे पोहून ढिली करावी लागते, हे ब्रीफिंगमध्ये सांगितलं होतं, त्या वेळी मी बिस्किट खात होते. दोन-तीन वेळा ओढला, निघाला एकदाचा, मान वर केली तर कोणी नाही. भाऊ नाही, गाईड नाही, शार्कसुद्धा नाहीत. नुसतं निळं, आणि मी त्या निळ्यातून आत वाहत चाललेली.

नियम माहीत असतो हो. एक मिनिट गोल फिरून बघायचं, कोणी दिसलं नाही तर हळूहळू वर. ते मिनिट फार मोठं असतं. गेज बघितलं, सिलिंडरमध्ये हवा ७० बार (बार म्हणजे दाबाचं माप), तेही अठ्ठाविसाव्या मिनिटाला. स्वतःशी मोठ्याने बोलले रेग्युलेटरमधून, म्हणजे श्वासासाठी तोंडात धरतात त्यातून, "चल बाई चल." वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं आणि तिथून एसएमबी सोडायचा, म्हणजे नारिंगी रंगाचा लांब फुगा, तो वर जातो आणि बोटीला कळतं खाली माणूस आहे. फुगा चार वर्षं माझ्या खिशात होता. सोडला मात्र मी स्विमिंग पूलमध्ये एकदाच, कोर्सला. दोरीचं रीळ उलगडताना बोटात गुंता झाला, फुग्यात हवा भरली तसा तो मला वर ओढायला लागला, मी रीळ सोडून दिलं असतं तर फुगा गेला असता आणि धरलं असतं तर मी गेले असते. दातांनी गुंता सोडवायचा तर तोंडात रेग्युलेटर. शेवटी फुग्यातली अर्धी हवा काढली, रीळ मांडीवर धरून आमची आजी लोकरीचा गुंडा सोडवायची तसं एकेक वळण सोडवलं, मग परत हवा भरली. तोपर्यंत मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर ओरडतोय कारण मी पाचच्या जागी तीन मीटरवर.

वर आले. लाटा, ऊन, आणि डोणी लांब, काड्यापेटीएवढी. शिट्टी वाजवली. त्यांनी फुगा आधीच बघितला होता, सात-आठ मिनिटांत आले. भाऊ शिडीशी उभा, चेहरा पांढरा, मला वाटलं आता ओरडणार, तर त्याने नुसता हात धरून वर ओढलं आणि म्हणाला, "ताई, आईला सांगायचं नाही हे." गाईडने मात्र सांगितलं. म्हणजे मला, बाजूला घेऊन, शांतपणे, आणि दुपारी जेवणानंतर बोटीच्या मागे पाण्यात उतरवून माझ्याकडून सहा वेळा फुगा सोडून घेतला. शाळेत पाढे घेतात तसा. सहाव्यांदा बरोबर गेला तर म्हणाला, हयेह. सहा.

रात्री आलिमाथा. रिसॉर्टच्या जेटीवरून पूर्वी रोज माशांचे उरलेसुरले तुकडे टाकायचे, त्याने नर्स शार्क जमायला लागले आणि आता ती रात्रीची डाइव्हच प्रसिद्ध झाली. दहा-बारा मीटर खोल, अंधार, हातात टॉर्च, आणि टॉर्चच्या उजेडात अडीच-तीन मीटरचे तपकिरी शार्क तुमच्या खांद्यावरून, पायामधून, पोटाला घासून जातात. गरीब असतात, तोंड खाली, मिशा असल्यासारखे दोन तंतू, बैलासारखे हुंगत फिरतात. मधूनच मोठाली ट्रेव्हली मासळी, चांदीची परात फेकल्यासारखी. पाकटं टेबलाएवढी. भावाची टिक झाली. मला मजा आली हे खरं, पण त्या रात्री पाण्यात निदान पाच बोटींचे डायव्हर होते, एवढे टॉर्च की गणपतीची विसर्जन मिरवणूक वाटावी, आणि हे शार्क इथे का येतात ते ठाऊक असल्यामुळे जत्रेतला हत्ती बघितल्यासारखं काहीतरी वाटलं. चिनी मुलींना पण तसंच वाटलं का विचारलं, त्या म्हणाल्या आमचे फोटो फार छान आलेत.

दिवस ४

सकाळी वावूत एक, शांत, काही बिघडवलं नाही. मग मोकळा समुद्र ओलांडून दक्षिण आरी. अर्धा दिवस बोट हलत होती, निम्मी मंडळी गोळ्या खाऊन झोपली. या बोटी शक्यतो दिवसाच चालवतात, रात्री एखाद्या लगूनमध्ये, म्हणजे रीफच्या आतल्या शांत पाण्यात, नांगर टाकून उभ्या, कारण पाण्याखाली रीफ कुठे वर आलाय ते अंधारात दिसत नाही. वाटेत स्पिनर डॉल्फिन, शंभरएक तरी, गिरक्या घेत उड्या. दुपारची एक डाइव्ह. कानात दडा बसला होता म्हणून मी दहा मीटरच्या खाली गेले नाही.

दिवस ५

व्हेल शार्कचा दिवस. दक्षिण आरीच्या बाहेरच्या कडेला, दिगुरा ते मामिगिली या पट्ट्यात ते वर्षभर असतात आणि बहुतेक सगळे अजून वयात न आलेले नर, पाच-सहा मीटरचे. ते इथेच का, यावर तिथे संशोधक कित्येक वर्षं काम करताहेत, प्रत्येकाच्या अंगावरच्या ठिपक्यांवरून त्याची ओळख ठेवतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. दिगुराचं नाव पण बघा, दिगु म्हणजे लांब, आपलं दीर्घ. खरंच लांबडं बेट आहे.

पद्धत अशी की पहिली डाइव्ह कडेकडेने करायची, दिसला तर दिसला, आम्हाला नाही दिसला. मग डोणीच्या टपावर चढून सगळ्यांनी पाण्यात काळी सावली शोधायची. ऊन असं की भाकरी भाजावी. दोन तास. साडेअकराला टपावरचा खलाशी ओरडला, फेहुरिही! म्हणजे व्हेल शार्क! आणि इंजिन जोरात, आणि मास्क लाव, फिन्स चढव, जंप जंप जंप.

मी उडी मारली आणि पाण्यात दिसले ते पाय. माणसांचे पाय. आमच्या आधी दोन बोटी आल्या होत्या, नंतर अजून चार. त्या गर्दीखाली तो शांतपणे चालला होता, करडा-निळा, पाठीवर ठिपके आणि रेघा, रांगोळीची कणी टिपल्यासारखे, तोंड इतकं रुंद की माणूस आडवा मावेल, आणि डोळा अगदी बारीक. नियम आहे, अंगापासून तीन मीटर आणि शेपटीपासून चार मीटर लांब राहायचं, हात लावायचा नाही, फ्लॅश नाही. कोण पाळतो. एक जण सेल्फी स्टिक घेऊन त्याच्या तोंडापुढे. माझ्या मास्कवर कोणाची तरी फिन बसली, पाणी शिरलं, साफ करून बघते तर त्याच्या पाठीचा पंख दिसला, वरचं टोक नाहीसं, कापल्यासारखं सरळ. बोटीच्या पंख्याने होतं असं. तो काही घाबरला वगैरे नाही, नुसता तिरका झाला आणि खाली खोल उतरत गेला, ठिपके एकेक करून विझत गेले.

चार-पाच मिनिटं असेल सगळं मिळून. बोटीवर टाळ्या, मिठ्या. भावाने फोन काढला, चौकोनावर बोट ठेवलं आणि थांबला. "ताई, टिक करू?" मी म्हटलं कर की, दिसला तर होता. गुजरातच्या किनाऱ्यावर २००१पर्यंत हाच मासा मारायचे, मग कायद्याने संरक्षण मिळालं आणि आता तिथले मच्छीमार जाळं कापून सोडतात. तिकडे माणसं आपलं जाळं कापताहेत आणि इकडे आम्ही डॉलर मोजून त्याच्या नाकासमोर. मी पण त्या गर्दीतलीच एक, नाही कोणाला म्हणते. आजी पाण्यात उतरलीच नव्हती, टपावर बसून पपई खात होती.

दुपारी कुडारा तिला. तिला म्हणजे पाण्याखालचा डोंगर, माथा बुडालेला. पिवळ्या स्नॅपरचा थवा, हजारोंनी, खडकाला झूल घातल्यासारखा. आणि गोब्रा, केवढा! भाऊ वर येऊन म्हणाला याचं हुमण किती जणांना पुरेल, जर्मन बाईंनी विचारलं काय म्हणतोय, मी म्हटलं सुंदर होता म्हणतोय.

संध्याकाळच्या डाइव्हला पाऊण तास एका मॉरे ईलने माझं मनोरंजन केलं.

दिवस ६

मुफुशी, आरीच्या पश्चिम कडेला. या मोसमात मांटा पश्चिमेला असतात कारण आत आलेलं पाणी अटॉलमधलं प्लँक्टन, म्हणजे त्यांचं खाणं असलेले बारीक जीव, घेऊन पश्चिमेच्या खिंडींतून बाहेर पडतं. रीफवर काही ठरावीक खडक असतात, क्लीनिंग स्टेशन, तिथे बोटभर लांबीचे निळ्या पट्ट्याचे रॅस मासे राहतात, आणि मांटा तिथे अंग साफ करून घ्यायला येतात. सलून म्हणा. ब्रीफिंगमध्ये यावेळी मी बिस्किट खाल्लं नाही. खडकापासून दूर, तळाशी वाळूवर बसायचं, पोहायचं नाही, त्यांच्या खालून बुडबुडे सोडायचे नाहीत, त्यांना यायचं तर येतील.

बसलो. अकरा मिनिटं काही नाही. खडकावर ते छोटे रॅस वर-खाली नाचत होते, गिऱ्हाईक बोलावल्यासारखे, आणि मी त्यांच्यातल्या एकाकडेच बघत होते, कारण दुसरं काही नव्हतंच. एक पोपटमासा आला, तोंड उघडून उभा राहिला, रॅस सरळ तोंडात शिरला, कल्ल्यातून बाहेर आला, पोपटमासा गेला. मग एक तांबोशी, तिचंही तसंच. आणि मग हे सगळे एकदम एका बाजूला झाले. मान वळवली तर निळ्यातून ती येत होती.

उन्हात गोधडी झटकताना ती मध्येच फुगते ना, तसे पंख. तीन-साडेतीन मीटर. खडकावर आली आणि जवळजवळ थांबली, प्रवाहाकडे तोंड करून, अगदी हळू पंख हलवत. तोंडाच्या दोन्ही बाजूच्या पट्ट्या खाताना उघडतात, आत्ता गुंडाळलेल्या, विडीसारख्या. पोट पांढरं, त्यावर काळे डाग, मधे पाच पाच कल्ल्यांच्या फटी. आणि माझा तो रॅस, मघापासून मी बघत होते तोच, त्या फटीत शिरला. दुसरे पंखाच्या कडेला, तिथे अर्धचंद्रासारखा तुकडा गेलेला होता, शार्कने कधीतरी घेतलेला, जखम भरलेली पण कड अजून खडबडीत, तिथे तीन-चार जण टोचत होते. ती दर वेळी टोचलं की किंचित थरथरायची. मग एक गोल फिरून परत त्याच जागी, नंबर लावल्यासारखी. एकदा माझ्या डोक्यावरून गेली, मी श्वास धरला, जो डायव्हिंगमध्ये कधी धरायचा नसतो, पण बुडबुडे तिच्या पोटावर गेले असते म्हणून धरला. तिचा डोळा माझ्याकडे वळला. हललेला बघितला मी.

आणखी दोन आल्या. मादीला साधारण वर्षभराने एकच पिल्लू होतं, गाईडने नंतर सांगितलं, आणि तीही दर वर्षी नाही. बावन्न मिनिटांनी कॉम्प्युटरने वर जा सांगितलं तेव्हा माझ्याकडे अजून ९० बार होते. मी, जिची हवा अर्ध्या तासात संपते! बसून राहिल्यावर लागत नाही हवा. पुढची डाइव्ह आम्ही सगळ्यांनी हट्ट करून तिथेच मागितली, इटालियन आजीने तर हातच जोडले.

दुपारी फिश हेड, तिथे शार्क होते, ट्यूनाचा कळप होता, ठीक. चांगलीच जागा आहे, पण माझं डोकं मुफुशीलाच होतं.

रात्री माया तिला. माथा सहा मीटरवर, फिरून यायला छोटासा, पण रात्री तो बाजारपेठ असतो. व्हाइटटिप शार्क, तोच पहिल्या डाइव्हला पारावर झोपलेला, तो हा रात्रीचा. फटीफटीत तोंड घालून शिकार, आणि अंधारात तुमच्या टॉर्चच्या झोतात एखादा मासा आला की ट्रेव्हली तो झोत वापरून त्याला उचलते. म्हणजे तुम्ही टॉर्च मारलात आणि त्यामुळे कोणीतरी मेलं. हे एकदा झाल्यावर मी टॉर्च हाताने झाकूनच हिंडले. एक ऑक्टोपस खडकावरून जाताना रंग बदलत होता, तांबडा, मग राखाडी, मग अंगावर काटे आल्यासारखा खरखरीत. दगडमासा एक, म्हणजे तो गाईडने तीन वेळा दाखवल्यावर मला दिसला, तोपर्यंत मी दगडच बघत होते.

दिवस ७

पहाटे पाचला बेल. रसधू अटॉल. हॅमरहेडसाठी सूर्य उगवताना बाहेरच्या खोल निळ्यात उतरायचं, खाली तळ दिसत नाही, समोर भिंत नाही, नुसतं पंचवीस-अठ्ठावीस मीटरवर लटकत राहायचं आणि वाट बघायची. डोळ्यांना काही धरायलाच मिळत नाही त्यामुळे आपण वर चाललोय की खाली ते कळत नाही, म्हणून मी दर पाच सेकंदांनी कॉम्प्युटर बघत होते. बाविसाव्या मिनिटाला भावाने सिलिंडरवर टकटक केलं, मी वर बघितलं, तो खाली बोट दाखवतोय, खाली बघितलं, निळं. वर आल्यावर कळलं की आठ-नऊ हॅमरहेड खालून गेले, आजीने पाहिले, चिनी मुलींच्या व्हिडिओत आहेत, भावाने टिक केली. मी त्या वेळी २७.३ मीटर वाचत होते.

शेवटची, सतरावी, नाश्त्यानंतर. ईगल रे लांबून दिसला, यादी पूर्ण. मग मालेकडे चार तास. विमान दुसऱ्या दिवशी दुपारी, अंगातला नायट्रोजन निघायला मधे निदान अठरा तास सोडायचे असतात, म्हणून शेवटच्या दिवशी अकरानंतर पाण्यात कोणी नाही. सगळे सूट गोड्या पाण्यात बुडवून कठड्यावर टांगले, बोट म्हणजे धोब्याचं दुकान. लॉगबुकं निघाली, गाईडने शिक्के मारले. तिसऱ्या दिवशीच्या पानावर त्याने फुगा काढला आणि खाली ६.

दिवस ८

कठड्यावर रात्रभर टांगूनही निओप्रीनचे बूट वाळले नाहीत. ते प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून बॅगेत कोंबले. मुंबईला कस्टम्सवाल्याने बॅग बाजूला घ्यायला लावली, स्क्रीनवर रेग्युलेटरच्या नळ्या दिसल्या असतील. चेन उघडली, पहिली पिशवी सोडली, दुसरीची गाठ अर्धी सोडली आणि तशीच परत बांधली.

"मासे आणलेत का मॅडम?"

"नाही हो, बूट आहेत."

"जा जा," म्हणाला.